मदत हवी आहे: नेपाळी खलाशांच्या मुलांवरच्या 'बुद्ध्यांक यादी'ला ग्रामसभेत काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावात राहते. इथल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. घरची एक बोट आहे, त्यामुळे ज्यांच्याबद्दल लिहितेय ती माणसं रोज डोळ्यांसमोर असतात. प्रश्न लांबलाय, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

कोकणात बोटींवर आणि आंब्याच्या बागांत किती नेपाळी माणसं राबतात, हे इकडच्यांना सांगायला नको. पूर्वी पुरुष एकटे यायचे, आता बायकापोरं घेऊन येतात. आमच्या शाळेचा पट आज टिकून आहे तो या मुलांमुळेच.

मध्यंतरी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुंबईच्या एका चाकरमान्याने देशोदेशींच्या सरासरी बुद्ध्यांकाची यादी टाकली. त्यात नेपाळ अगदी तळाला, सरासरी बुद्ध्यांक ४३. खाली मजकूर असा की बुद्धी रक्तातून येते, विज्ञानाने हे सिद्ध केलंय आणि ही पोरं वर्गात असली की आपल्या पोरांचा दर्जा घसरणारच. आता काही पालक ग्रामसभेत ठराव आणतायत की या मुलांना वेगळं बसवावं आणि पुढच्या वर्षी नवीन नावं घेऊ नयेत. ठराव आणणारे माझ्या घरोब्यातले आहेत, वाईट माणसं नाहीत. पण छापील आकडा पाहिला की माणूस गप्प होतो, तसं गाव गप्प झालंय. मला हे सहन होत नाहीये.

मी शोधलं ते असं. ही यादी रिचर्ड लिन आणि डेव्हिड बेकर या संशोधकांच्या २०१९ च्या आकड्यांवरची आहे. त्याच यादीत भारताचा आकडा ७६ आहे, तो भाग फॉरवर्डमध्ये कापला होता. लिन यांची पहिली यादी २००२ ची. तिच्यातल्या १८५ देशांपैकी प्रत्यक्ष चाचण्यांचे आकडे फक्त ८१ देशांचे होते, बाकीच्यांचे आजूबाजूच्या देशांवरून अंदाजाने भरलेले. आणि ७० च्या खाली बुद्ध्यांक गेला की बौद्धिक अक्षमता आहे का ते तपासतात, हे लक्षात घेतलं तर ४३ हा एका अख्ख्या देशाचा सरासरी आकडा असूच कसा शकतो? ज्यांच्या देशाला समुद्रच नाही ती माणसं एका हंगामात जाळं सांधायला, मासळी निवडायला, इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखायला शिकतात. आमच्या तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) विचारा.

"आपली पोरं बोर्डात पहिली येतात, ते रक्तातच आहे" असंही ग्रुपवर कुणी लिहिलं. दहावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पुढे असतं हे खरं, मलाही त्याचा अभिमान आहे. पण त्याच रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आपली मागची पिढी मुंबईच्या गिरण्यांत गेली, भांडी घासायला गेली. तेव्हा रक्त वेगळं होतं का?

अडतेय ती इथे. एका पालकाने मला सरळ विचारलं, "वहिनी, जुळ्या भावंडांवरचे अभ्यास सांगतात की बुद्धीत अनुवंशाचा वाटा मोठा आहे. हे खोटं आहे का?" मी वाचलं, तर ते खोटं नाही. मग आई-बापाकडून मुलाकडे काहीतरी जातं हे मान्य करूनही ठराव चुकीचा का, हे दोन मिनिटांत, सोप्या मराठीत कसं सांगू? खोटं बोलून मला जिंकायचं नाही.

शिवाय त्या पालकांचं एक म्हणणं रास्त आहे, ते मी झाकणार नाही. शाळेत शिक्षक दोन आणि वर्ग पाच. मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै. या काळात ही कुटुंबं गावी जातात आणि ऑगस्टमध्ये परततात. शाळा मात्र जूनच्या मध्यालाच सुरू झालेली असते. दरवर्षी नेमका पायाचा भाग बुडतो, मग ऑगस्टमध्ये गुरुजी पुन्हा मागे येतात आणि बाकीची मुलं खोळंबतात. याला बुद्धीचं नाव दिलं जातंय याचं दुःख आहे, पण खोळंबा खरा आहे. कुणी यावर काही करून पाहिलंय का? आणि प्रवेश नाकारण्याबद्दल कायदा नेमकं काय सांगतो?

प्रतिसाद १ (मानसशास्त्र शिकवतो, चिपळूण)

ताई, अनुवंशाचा वाटा मान्य करूनच बोला, नाहीतर पहिल्याच प्रश्नाला पकडतील. सभेत बागायतदार बसलेले असणार, त्यांना हे विचारा. बाठ्यापासून वाढलेली रायवळची झाडं एकाच कातळावर, एकाच खतापाण्यावर लावली तर झाडाझाडांतला फरक जवळजवळ सगळा बियाण्याचा. पण तीच रोपं अर्धी खतपाण्याच्या बागेत आणि अर्धी कोरड्या उतारावर लावली, तर दोन बागांच्या उत्पन्नातला फरक जमिनीचा. पहिल्या बागेत अनुवंशाचा वाटा कितीही मोठा निघो, त्यावरून दोन बागांमधल्या फरकाबद्दल काही सांगता येत नाही. जुळ्यांचे अभ्यास बागेच्या आतले आहेत. यादी दोन बागांची तुलना करतेय.

अनुवंशाचा वाटा ही ठरीव गोष्टही नाही. २००३ मध्ये टर्कहायमर या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांवर दाखवलं की गरीब घरांत तो जवळजवळ शून्यावर येतो आणि सुखवस्तू घरांत वाढतो. युरोपात हा फरक तितका स्पष्ट मिळाला नाही, तेही सांगा. डच सैन्यातल्या तरुणांचे बुद्धिचाचणीतले गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत सुमारे २० ने वाढले. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत.

जनुकं थेट मोजून बनवलेले निर्देशांकही आले आहेत. २०१८ मध्ये अकरा लाख लोकांच्या अभ्यासातून बनवलेल्या निर्देशांकाने शिक्षणाच्या वर्षांतला फक्त ११ ते १३ टक्के फरक सांगितला. तेही युरोपीय वंशाच्या लोकांत. दुसऱ्या वंशाच्या लोकांत तो आणखी लंगडा पडतो. त्यावरून नेपाळी पोराबद्दल काहीही ठरवता येत नाही.

आणि हे पूर्वी घडून गेलंय. १९१० च्या दशकात हेन्री गोडार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर बोटीतून उतरलेल्या थोड्या लोकांना दुभाषामार्फत प्रश्न विचारले आणि इटालियन, ज्यू, रशियन यांच्यातले पाचांपैकी चार मंदबुद्धी असल्याचा निष्कर्ष काढला. १९२५ मध्ये संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने लंडनच्या ज्यू निर्वासितांची मुलं बुद्धीने कमी असल्याचं लिहिलं. ती मुलं पुढे कुठल्या कुठे पोचली हे जगाला ठाऊक आहे. अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांबद्दल मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅमने १९२३ मध्ये असाच निष्कर्ष काढला आणि १९३० मध्ये स्वतःच मागे घेतला. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेने १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली बुद्धिचाचणी बनवली ती कुणाला जास्तीची मदत लागते ते शोधायला. तुमच्या सभेत तिचा उपयोग नेमका उलटा होऊ घातलाय.

प्रतिसाद २ (शिक्षिका, देवगड तालुका)

कायद्याचं आधी. २००९ चा शिक्षण हक्क कायदा 'प्रत्येक बालक' म्हणतो, वय ६ ते १४. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४). मोठं मूल शाळेत आलं तर वयाच्या वर्गात बसवायचं आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं (कलम ४). 'नावं घेऊ नयेत' हा ठराव कायद्यापुढे टिकणार नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे ही कुटुंबं इथे राहून काम करू शकतात, चोरून आलेली नाहीत.

खोळंब्याचं. आमच्याकडेही बागेची मुलं मोहोराच्या सुमाराला येतात. ऑगस्टमध्ये सगळा वर्ग मागे न्यायचा नाही. आलेल्या मुलांना पहिले काही आठवडे सकाळचा एक तास वेगळा द्यायचा, बाकी दिवस सगळ्यांबरोबर. नेपाळीची लिपी देवनागरीच, त्यामुळे ज्याला अक्षरं येतात तो मराठी पुस्तक लवकर वाचायला लागतो, अर्थ मागून येतो. त्या एका तासासाठी तुमच्या समितीने गावातली एखादी डीएड झालेली मुलगी मानधनावर ठेवली तर गुरुजींचा निम्मा भार उतरेल. बोटमालकांनी ते मानधन उचलावं असं मला वाटतं, माणसं त्यांच्याकडे कामाला आहेत.

स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळेतून शिक्षण हमी पत्रक (मूल कुठवर शिकलंय याची नोंद) मिळतं, तेही मागून घ्या.

मूळ प्रश्नकर्ती

सर, मॅडम, मनापासून आभार. मानधनाचं कालच घरात बोलले, आमची बोट पहिली रक्कम देईल. आणखी दोन मालकांना विचारते. ठरावाला नुसता विरोध करण्याऐवजी हाच प्रस्ताव समोर ठेवीन: वेगळा वर्ग नको, सकाळचा तास हवा.

एकच शंका उरलीय. सर, शाळेच्या एकेका वर्षाने बुद्ध्यांक १ ते ५ गुणांनी वाढतो असं २०१८ च्या एका मोठ्या विश्लेषणात वाचलं, ते मी नक्की सांगणार आहे. पण हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात आयोडीनच्या कमतरतेने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटायची, हेही वाचलं. ते मांडलं तर परिस्थितीचा परिणाम स्पष्ट दिसतो, पण समोरचे म्हणतील "बघा, शेवटी कमीच ना". तो मुद्दा बोलू की वगळू?