आधी कानावर पडले तेच मूळ? आवडती कव्हर आणि त्यांची मूळ गाणी

पेन्सिल_आणि_कॅसेट

काल भाचीने मोबाईलवर एक गाणे लावले आणि मी हातातले काम टाकून तिच्यासमोर जाऊन बसलो. गाणे होते ‘किलिंग मी सॉफ्टली’, फ्यूजीज या गटाने १९९६ साली केलेले, लॉरिन हिलच्या आवाजातले. “हे आमच्या वेळचे गाणे,” असे मी म्हणालो, तर तिने “मामा, ते जुने आहे हे ठाऊक आहे, पण इतकेही जुने नाही,” असे सुनावले. मग माळ्यावरचे खोके काढणे भाग पडले.

खोक्यात याच गाण्याची जुनी कॅसेट होती. मोठ्या भावाने ती कोणाकडून तरी भरून आणली होती आणि वर निळ्या शाईने फक्त ‘इंग्रजी, संथ’ एवढेच लिहिले होते. त्यातला आवाज रॉबर्टा फ्लॅक या गायिकेचा आहे हे कळायला मला दहा वर्षे लागली. दुसऱ्या अंतऱ्यात एका जागी फीत यंत्रात अडकून चुरगळली होती. पेन्सिल घालून ती गुंडाळून परत बसवली, पण त्या जागी आले की आवाज क्षणभर पाण्याखाली गेल्यासारखा होई. पुढे स्वच्छ ध्वनिमुद्रण ऐकायला मिळाले तेव्हा तिथे गायिकेचेच काहीतरी चुकले, असे मला प्रामाणिकपणे वाटले.

गंमत अशी की मी ज्याला मूळ समजत होतो तेही कव्हरच, म्हणजे दुसऱ्याचे गाणे आपल्या पद्धतीने गायलेले, निघाले. हे गाणे आधी १९७२ साली लोरी लीबरमन हिने गायले. फ्लॅकने ते विमानप्रवासात ऐकले आणि १९७३ साली आपल्या पद्धतीने गायले. लीबरमन अंतऱ्यापासून सुरुवात करते, म्हणजे आधी हकीकत सांगते आणि मग घायाळ होते. फ्लॅक थेट धृवपदावर येते, म्हणजे आपण गाण्यात शिरतो तेव्हा ती आधीच घायाळ असते. एवढ्या एका उलटापालटीने गाण्याचा अर्थ किती सरकतो, हे मला काल रात्री तिन्ही गाणी पाठोपाठ ऐकताना प्रथमच जाणवले. माझे मत फ्लॅकलाच आहे, पण त्यात त्या चुरगळलेल्या फितीचा वाटा किती, हे मला सांगता येत नाही.

तुमच्या बाबतीत असे कोणते गाणे आहे? कव्हर आधी ऐकले आणि मूळ नंतर सापडले, किंवा मूळ जिवापाड आवडत असताना कव्हरने तुम्हाला फितवले, असे अनुभव जरूर लिहावेत.

गवाक्ष

जॉनी कॅशचे ‘हर्ट’. दुसरे नाव माझ्या मनात येतच नाही.

मूळ गाणे नाईन इंच नेल्स या बँडचे, १९९४ सालचे. त्या बँडच्या ट्रेंट रेझ्नरने ते लिहिले तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती, आणि ते ऐकताना एका तरुणाने स्वतःला आतून कुरतडून घेतल्यासारखे वाटते. कॅशचे २००२ साली आले तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता. शब्द जवळजवळ तेच आहेत. मुकुटाच्या ओळीतला शिवराळ शब्द काढून त्याने तिथे काटे आणले, इतकाच काय तो बदल. तरुण माणूस ‘सगळे संपले’ म्हणतो तेव्हा आपण त्याची समजूत घालू पाहतो. हा म्हातारा तेच म्हणतो तेव्हा त्याला काय सांगणार? शेवटी पियानोचा एकच सूर दारावर थाप मारावी तसा पुनःपुन्हा वाजत राहतो. चित्रफितीत त्याची पत्नी जून जिन्यावर उभी राहून त्याच्याकडे पाहते. २००३ च्या मे महिन्यात ती गेली आणि सप्टेंबरमध्ये तोही गेला. हे गाणे आता माझे राहिले नाही, अशा अर्थाचे उद्गार स्वतः रेझ्नरने काढले होते.

वडील गेल्यानंतर वर्षभर मी हे गाणे लावले नाही. आता लावतो, पण गाडी चालवताना नाही.

तिस्र_जाती

@पेन्सिल_आणि_कॅसेट, धृवपद आधी आणण्याचा मुद्दा आवडला. माझा अनुभव लयीचा आहे, कारण मी तबला शिकलो आहे आणि गाणे ऐकताना बोटे आपोआप मांडीवर चालू होतात.

बीटल्सचे ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ हे १९६७ सालचे गाणे रिंगो स्टारने गायले आहे. सरळ चालीचे, हसतमुख गाणे आहे. केहरवा, म्हणजे आठ मात्रांचा ताल, लावला की काम झाले. पुढच्याच वर्षी जो कॉकर या गायकाने ते गायले. ते मी प्रथम ऐकले तेव्हा बोटे अडखळली, आणि दोन ओळी गेल्यावर लक्षात आले की या माणसाने गाणे केहरव्यातून उचलून चक्क दादऱ्याच्या, म्हणजे सहा मात्रांच्या, झोक्यात टाकले आहे, तेही विलंबित! मित्रांच्या आधाराने निभावून नेईन, असे रिंगो ज्या सहजतेने म्हणतो, त्याच शब्दांत कॉकर त्या आधाराची भीक मागतो. १९६९ च्या वूडस्टॉक महोत्सवातले त्याचे चित्रण पाहिले तर हातांकडे लक्ष द्यावे. ते नसलेली गिटार वाजवत असतात.

लय बदलली की गाण्याचा स्वभाव बदलतो, असे आमचे गुरुजी सांगत. तेव्हा ते वाक्य मी वहीत उतरवून घेतले होते, कळले कॉकरमुळे.

रविवारची_रियाझी

तिस्र_जाती, दादऱ्याचे तुमचे निरीक्षण वाचून मी लगेच दोन्ही गाणी लावून टाळ्या देऊन पाहिल्या आणि घरातल्यांनी खोलीचे दार लावून घेतले. मुद्दा पटला.

सौ_सप्तक

कव्हरची चर्चा निघते तेव्हा ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ कोणीतरी आणणारच, तर ते मीच आणते, कारण त्या गाण्याने माझी फजिती केलेली आहे.

महाविद्यालयातल्या गायन स्पर्धेत मी व्हिटनी ह्यूस्टनचे, म्हणजे १९९२ सालचे, गाणे निवडले. सुरुवातीला तिच्यामागे एकही वाद्य नसल्यामुळे मला ते सोपे वाटले होते. शेवटाकडे सगळे थांबते, ड्रमचा एक ठोका पडतो आणि गाणे वरच्या पट्टीत उडी घेते. त्या ठोक्यापर्यंत मी सुखरूप पोहोचले. ठोका पडला, वाद्यवृंद वर गेला आणि मी खालीच राहिले! पुढचा अर्धा मिनिट आम्ही दोन वेगवेगळी गाणी सादर करत होतो.

त्या रागातून मी डॉली पार्टनचे १९७४ सालचे मूळ गाणे शोधले आणि तेव्हापासून त्याच बाजूची झाले. पोर्टर वॅगनर या सहकाऱ्याची साथ सोडताना तिने ते लिहिले होते, त्यामुळे प्रियकराचा विरह वगैरे काही त्यात मुळात नाही. कामाच्या जागेवरून सन्मानाने निघणारी बाई आहे. शेवटचे कडवे तर ती गातही नाही, नुसते बोलते. व्हिटनी निरोप घेते तेव्हा सगळे सभागृह उभे राहते. डॉली निरोप घेते तेव्हा फक्त समोरच्या माणसाला ऐकू जाते. एल्व्हिस प्रेस्लीला हे गाणे गायचे होते, पण त्यासाठी हक्कांतला अर्धा वाटा मागितला गेला आणि तिने नकार दिला. त्या नकाराबद्दल मला तिचा गाण्याइतकाच आदर वाटतो.

गवाक्ष

सौ_सप्तक, ‘पुढचा अर्धा मिनिट दोन वेगवेगळी गाणी’ या वाक्यावर मी बसमध्ये एकटाच हसलो आणि शेजारच्या गृहस्थांनी जागा बदलली.

खट्याळ_खर्ज

माझा सूर थोडा वेगळा आहे. बहुतेक कव्हर ही आळसातून होतात, असे माझे मत आहे. तयार चाल, तयार शब्द, लोकांच्या मनात तयार असलेली माया. आपण फक्त गिटार घेऊन डोळे मिटायचे आणि ठेका निम्म्यावर आणायचा. ‘हालेलुया’चे काय झाले ते पाहा. लेनर्ड कोहेनने १९८४ साली ते गायले, आणि त्यासाठी त्याने कित्येक कडवी लिहून टाकून दिली होती. १९९१ साली जॉन केल या संगीतकाराने त्याच्याकडे शब्द मागितले, तेव्हा फॅक्समधून पानामागून पान येत राहिले. त्यातून केलने आपली कडवी निवडून गायली. जेफ बकलीने १९९४ साली जे गायले ते कोहेनवरून नव्हे, केलवरून. म्हणजे आज प्रत्येक स्पर्धेत जे ऐकू येते ती कव्हरच्या कव्हरची कव्हर असते.

कोहेनचा खर्जातला आवाज, त्यातला तिरकस विनोद आणि मागचा गायकवृंद हे सगळे त्या प्रवासात गळून पडले, फक्त उसासे उरले. बकलीचे गाणे सुंदर आहे, हे मी नाइलाजाने मान्य करतो.

अंगणातली_मैना

खट्याळ_खर्ज, आळसाचा आरोप अरीथा फ्रँकलिनवर करून दाखवा! ‘रिस्पेक्ट’ हे ओटिस रेडिंगचे १९६५ सालचे गाणे. कमावून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो आहे. अरीथाने १९६७ साली तेच गाणे बाईच्या तोंडी दिले आणि मागणीची दिशाच फिरली. त्या शब्दाची एकेक अक्षर सुटे करून म्हटलेली जी जागा आपण सगळे ओरडून म्हणतो, ती ओटिसच्या गाण्यात नाहीच. मागे साथ द्यायला तिच्या सख्ख्या बहिणी आहेत. मूळ गाणे ऐकताना आता मला त्या जागेवर पायरी चुकल्यासारखे होते.

यमनकल्याण

आपण सगळे ‘आज जाने की ज़िद न करो’ फरीदा खानमचे समजतो, निदान मी तरी चाळिशीपर्यंत समजत होतो. फय्याझ हाश्मींचे शब्द, सोहेल राणांची चाल, आणि १९७३ सालच्या ‘बादल और बिजली’ या पाकिस्तानी चित्रपटात ते गायले होते हबीब वली मोहम्मद यांनी. हे एका मित्राने सांगितले तेव्हा मी त्याच्याशी पैज लावली आणि हरलो.

मूळ गाणे ऐकले. नेटके आहे, आर्जवी आहे. पण त्यातला माणूस ‘जाऊ नकोस’ म्हणतो तेव्हा जाणारी व्यक्ती दारात उभी असल्यासारखी वाटते. फरीदाजी त्याच शब्दांवर इतक्या निवांत रेंगाळतात की जाण्याचा विषयच मागे पडतो. ‘ज़िद’ हा एवढासा शब्द त्या दर वेळी निराळ्या वजनाने ठेवतात. इथे मूळ कोणाचे हा प्रश्न मला गैरलागू वाटतो, तरी पैज हरल्याचे दुःख आहेच.

मागच्या_सीटवरून

घाईत लिहिते आहे, मुलीला क्लासला सोडून गाडीतच बसले आहे. तिला ल्यूक कोम्ब्सचे ‘फास्ट कार’ तोंडपाठ आहे आणि मला ट्रेसी चॅपमनचे, त्यामुळे गाडीत रोज वाद होतो. चॅपमनचे १९८८ चे आणि याचे २०२३ चे. याने चाल तर सोडाच, दुकानात काम करणाऱ्या मुलीची ओळही बदलली नाही. पुरुष असून तीच ओळ जशीच्या तशी गायली, हे मला फार सभ्यपणाचे वाटले. त्याच वर्षी चॅपमनला या गाण्यासाठी कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गीताचा पुरस्कार मिळाला, गाणे आल्यानंतर पस्तीस वर्षांनी.

२०२४ च्या ग्रॅमी समारंभात दोघांनी ते एकत्र गायले. ती गाते आणि तो तिच्याकडे पाहत ओठांनी शब्द म्हणत राहतो, अगदी चाहत्यासारखा. ते पाहून मुलगी म्हणाली, “त्यालाही तुझेच आवडते.” आली ती, पुढचे नंतर लिहिते.

खट्याळ_खर्ज

अंगणातली_मैना, अरीथापुढे माझी माघार. ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ हेही मीच माझ्याविरुद्ध मांडतो. गाणे प्रिन्सचे, १९८५ साली ‘द फॅमिली’ या गटाने गायलेले, आणि ते फारसे कोणाच्या लक्षातही आले नव्हते. १९९० साली शिनेड ओकॉनरने गायले आणि चित्रफितीत कॅमेरा बहुतेक वेळ तिच्या चेहऱ्यावरच राहिला. आईने लावलेल्या फुलांची ओळ येते तिथे तिच्या डोळ्यांतून पाणी येते. तिची आई १९८५ साली अपघातात गेली होती. प्रिन्सने स्वतः स्टुडिओत गाऊन ठेवलेले गाणे त्याच्या मृत्यूनंतर २०१८ साली बाहेर आले. चांगले आहे. मी एकदाच ऐकले.

तंतुवाद्य_दुरुस्ती

धागा वाचता वाचता तीन तास गेले. @पेन्सिल_आणि_कॅसेट, चुरगळलेली फीत हलक्या हाताने सपाट करता येते, आणि संगणकावर उतरवून घेतल्यावर आवाजाचा तो झोलही बराच काढता येतो. माझ्याकडे चालू स्थितीतला कॅसेट वाजवायचा डेक आहे. इच्छा असल्यास व्यक्तिगत निरोप करावा.

पेन्सिल_आणि_कॅसेट

सर्वांचे मनापासून आभार. खट्याळ_खर्ज यांनी एकाच धाग्यात स्वतःचे मत मांडून स्वतःच खोडले, याबद्दल त्यांचे विशेष आभार.

तंतुवाद्य_दुरुस्ती, निरोप केला आहे. फीत सपाट करून अवश्य उतरवून द्या, पण दुसऱ्या अंतऱ्यातला झोल काढू नका. भाचीला काल तेवढाच भाग आवडला. तिला वाटले, तो मुद्दाम केलेला आहे.