पाच महिने बँड बांधला, काटा सहाशे ग्रॅम हलला. कुणाला खरंच फरक पडलाय का?

पायपीट
नमस्कार मंडळी. मनगटावरच्या फिटनेस बँडने कुणाचं वजन खरोखर उतरलंय का? बँडने हं. बँड घेतला त्याच आठवड्यात डाएट, जिम, पोहणं सगळं एकदम सुरू केलेल्यांनी कृपया हात वर करू नयेत.

माझी कुंडली: वय ४३, उंची १६० सेंमी, काम दिवसभर खुर्चीतलं. बँड बांधला त्या सकाळी वजन ७८.४. आज पाच महिन्यांनी ७७.८. सहाशे ग्रॅम! एवढा फरक तर सकाळी आणि रात्री वजन केलं तरी दिसतो.

बरं, मी बँड बांधून नुसती बसलेली नाही. आधी फोनमध्ये दिवसाची साधारण सहा हजार पावलं दिसायची, आता सरासरी साडेनऊ हजार आहे. दहा हजार झाले की मनगट थरथरतं, पडद्यावर फटाके उडतात, आणि त्या फटाक्यांचं मला व्यसन लागलंय. गेल्या मंगळवारी रात्री पावणेबाराला ९,६१२ वर अडकले होते, तर अंधारात बेडरूम ते बाल्कनी येरझाऱ्या घातल्या. नवरा झोपेतून उठून विचारतो, "काही हरवलंय का?"

बँड रोज सांगतो, आज २,३०० कॅलरी जाळल्या. खाल्लेलं सगळं मी ॲपमध्ये इमानदारीत भरते. संध्याकाळी ॲप म्हणतं, अजून ३८० कॅलरी शिल्लक. मग वजन का हलत नाही? गणित कुठे चुकतंय?

स्पष्टच_बोलतो
बँड मोजतो हो, जाळत नाही. वजनकाटा विकत घेऊन कोणी बारीक झालंय का आजवर?

पायपीट
दादा, थर्मामीटरने ताप उतरत नाही हे मलाही कळतं. पण ताप दिसला की माणूस गोळी तरी घेतो. आकडा रोज डोळ्यांसमोर असला की आपण जरा सुधारतो, एवढीच माझी अपेक्षा होती.

हिशेबनीस
ताई, मांडूनच बघू या. पेशाने लेखापाल आहे, दुसऱ्यांच्या वह्या तपासायला मला मनापासून आवडतं.

पहिलं ते २,३००. ही तुमच्या चालण्याची कमाई नव्हे. तुम्ही दिवसभर अंथरुणात पडून राहिलात तरी त्यातल्या साधारण १,४०० जळणारच: श्वास, हृदय, मेंदू, अंगाची ऊब. वय, उंची, वजन सूत्रात घातलं की तुमचा आकडा एवढा येतो. उरलेल्यात उठबस, अंघोळ, घरकाम आलं, जे तुम्ही बँड नव्हता तेव्हाही करत होतात. नवीन काय केलंत, तर रोजची साडेतीन हजार पावलं.

पाऊल ७० सेंमीचं धरलं तर हे अडीच किलोमीटरला थोडं कमी. सपाटीवर चालायला, बसून राहण्यापेक्षा जादा खर्च, दर किलोमीटरला शरीराच्या दर किलोमागे अर्धी कॅलरी. ७८ किलोंना किलोमीटरचे ३९. रोजचे झाले ९५ च्या आसपास. पाच महिन्यांचे सव्वाचौदा हजार. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. म्हणजे कागदावर तुमचं वजन पावणेदोन किलोंच्या वर उतरायला हवं होतं. उतरलं सहाशे ग्रॅम. तफावत साडेनऊ हजार कॅलरींची, भागिले १५० दिवस, रोजच्या चौसष्ट.

चौसष्ट कॅलरी म्हणजे फार तर दोन साधी बिस्किटं. आणि ती कुणी खायला लावली हे तुम्हीच लिहिलंय: "अजून ३८० कॅलरी शिल्लक." बहुतेक ॲपमध्ये एक सोय असते, व्यायामात जळलेल्या कॅलरी खाण्याच्या बजेटमध्ये परत जमा करायची. बँड म्हणतो ही चालली, ॲप म्हणतं मग खाऊ दे. तुम्ही ३८० च्या ३८० खात नसणार, नाहीतर वजन वाढलं असतं. पण हात थोडा सैल सुटतो, आणि एवढी गळती पुरते.

बरं, ते ३८० तरी खरे आहेत का? २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० जणांवर मनगटावरची सात वेगवेगळी उपकरणं तपासली. नाडीचे ठोके सातपैकी सहा उपकरणांनी ५ टक्क्यांहून कमी चुकीने दिले, म्हणजे चांगलंच. कॅलरींत मात्र सगळ्यात अचूक निघालेलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं, आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. याचं कारण साधं आहे. बँडला दोनच गोष्टी कळतात: मनगट किती हललं, आणि हिरव्या दिव्याच्या उजेडात कातडीखालचं रक्त कसं उसळलं. कॅलरी त्याला दिसत नाही, तो ती सूत्राने अंदाजतो. तुमची खरी जादा कमाई ९५, आणि २,३०० च्या आकड्यात २७ टक्के चूक धरली तर ती सहाशेच्या वर. अशा वहीवर मी सही करणार नाही.

स्पष्टच_बोलतो
म्हणजे उलट वजन वाढवतो म्हणा की!

हिशेबनीस
तसंही नाही. पण तुमच्या पारड्यात घालायला एक पुरावा आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाचा प्रयोग, २०१६ साली छापून आला. १८ ते ३५ वयाची, वजन जास्त असलेली ४७१ माणसं, दोन वर्षं. पहिले सहा महिने सगळ्यांना सारखाच आहार, सारखाच व्यायाम, सारखंच समुपदेशन. नंतर निम्म्यांना दंडावर बांधायचं उपकरण दिलं आणि निम्म्यांना आपली नोंद आपण ठेवायला सांगितली. दोन वर्षांनी उपकरणवाल्यांचं वजन सरासरी ३.५ किलो कमी, नोंदवाल्यांचं ५.९ किलो.

उपकरणाने वजन वाढवलं असं याचा अर्थ होत नाही, दोन्ही गट हलकेच झाले. पण ज्यांनी आपली नोंद आपण ठेवली ते जास्त हलके झाले, ही गोष्ट मला तरी विसरता येत नाही. आमच्या धंद्यात म्हणतात, जो खर्च स्वतःच्या अक्षरात लिहावा लागतो तो करताना हात आखडतो. (हे शास्त्र नाही, माझं मत आहे.)

वाचून_गप्प
पहिल्यांदाच लिहितेय. दुसरी बाजूही सांगा ना. २०२२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जुन्या आढाव्यांचाच मोठा आढावा घेतला होता. त्यात बँड वापरणारे रोज सुमारे १,८०० पावलं जास्त चालतात आणि वजन सरासरी एक किलोने उतरतं असं निघालं. पायपीटताईंचे सहाशे ग्रॅम त्या मानाने इतके काही वाईट नाहीत. आपल्यालाच जाहिरातीतली कंबर हवी असते.

मनगट_मोकळं
दोन वर्षं बांधला, आता कपाटात आहे. वजनाचं सोडा, मला त्याचा वेगळाच राग आहे.

माझी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. बाबागाडी ढकलत तासभर चालून यायचे, घामाने चिंब, आणि बँडवर चारशे पावलं! कारण हात गाडीच्या दांड्यावर स्थिर. मनगट झुललं नाही तर त्याच्या लेखी तुम्ही बसलेल्या. उलट रात्री तिला थोपटत झोपवताना पावलं वाढायची. एकदा सपशेल पलंगावर बसून सहाशे पावलं चालले मी. सायकलचंही तेच, वेगळी नोंद लावली नाही तर पायांचं काम मनगटाला कळतच नाही.

मग मी काय करायला लागले सांगू? गाडी एका हाताने ढकलायची आणि दुसरा हात परेडसारखा हलवायचा. समोरून येणारे बघायचे. त्या दिवशी घरी येऊन काढून ठेवला.

आणि ते झोपेचे गुण! सकाळी उठल्यावर छान वाटत असायचं, मग बँड बघायचा, "झोप: असमाधानकारक". दिवसभर थकवा.

पायपीट
परेड!! हसून पुरेवाट. पण दहा हजार तर डॉक्टरांनी ठरवलेला आकडा आहे ना? मी त्याच्यासाठी जीव काढतेय.

वाचून_गप्प
नाही हो ताई, तो एका यंत्राच्या नावातून आलाय. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट होती, आणि १९६५ मध्ये तिथे कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आलं, 'मानपो-केइ'. अर्थच 'दहा हजार पावलांचं मोजयंत्र'. गोल आकडा, लक्षात राहणारा.

पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून जास्त वयस्क स्त्रियांची पावलं मोजून बघितली, सरासरी वय ७२. रोज २,७०० पावलांवाल्यांपेक्षा ४,४०० वाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं, आणि साधारण ७,५०० नंतर आणखी फरक दिसेना. ते वजनाबद्दल नाही आणि तुमच्या वयाचंही नाही, पण रात्री पावणेबाराच्या ९,६१२ बद्दल मनाला लावून घेऊ नका एवढं नक्की.

पहाटेचा_गडी
वय ५६. माझं सहा किलो उतरलं, बँड बांधूनच. पण ताईंची अट वाचून हात अर्धाच वर करतो, कारण त्याच वर्षी रात्री जेवणानंतरचं टीव्हीपुढचं चरणंही बंद केलं. कशाने किती उतरलं ते देव जाणे. माझा संशय टीव्हीवरच आहे.

बँडचा एकच उपयोग मी करतो. तासभर खुर्चीत बसलो की तो टोचतो, मी उठतो, पाणी पितो, जिन्याने एक मजला खाली-वर. कॅलरीचा पडदा पहिल्याच महिन्यात काढून टाकला. फटाके पण बंद केले. आणि वजन रोज बघतो, पण लिहितो फक्त रविवारी, आठवड्याची सरासरी काढून. अंगातल्या पाण्याने काटा एका दिवसात किलोभर सहज मागेपुढे होतो. त्यावर आनंद आणि दुःख करत बसलो तर वेड लागेल. ताई, तुमचं ७८.४ आणि ७७.८ हे दोन सुटे दिवस आहेत ना? मग खरा फरक सहाशेच कशावरून, किलोभरही असेल किंवा शून्यही.

हिशेबनीस
हे माझ्याकडून राहिलं. गडीदादांचा मुद्दा मान्य, माझ्या सगळ्या भागाकाराखाली दोन सुटी वजनं आहेत. शिवाय ७,७०० चा नियमही कागदी, जास्त चालायला लागलं की शरीर इतर ठिकाणी काटकसर करतं. तरी ॲपमधली ती परत जमा होणारी सोय बंद कराच. सिंगापूरमध्ये ८०० नोकरदारांवर असाच प्रयोग झाला होता, काहींना तर चालण्याबद्दल रोख पैसे दिले. पैसे होते तोवर पावलं वाढली. वर्ष संपताना दहातल्या एकाच्याच अंगावर यंत्र उरलं होतं, आणि वजन कोणत्याच गटात सुधारलं नाही. पाच महिने न कंटाळता बांधलात हेच विशेष आहे ताई.

पायपीट
तीन आठवड्यांनी येतेय, माफी असावी.

सोय बंद केली. ती कुठे लपलेली होती म्हणून सांगू, सेटिंगमध्ये चार दारं ओलांडून, आणि आपोआप चालूच होती! आता संध्याकाळी ॲप 'शिल्लक' म्हणत नाही. पहिले चार दिवस मला चक्क भूक लागल्यासारखं वाटलं, खाणं तेवढंच असून.

चौसष्ट कॅलरींचा चोर पण सापडला. हिशेबनीसदादांचं ऐकून एक आठवडा वहीत हाताने लिहिलं. मुलाच्या ताटात उरलेलं मी उभ्या उभ्या संपवते ते ॲपमध्ये कधीच भरलं नव्हतं. माझ्या लेखी ते जेवणच नव्हतं, ती भांडी घासायची तयारी होती.

सरासरी: पहिला रविवार ७७.७, दुसरा ७७.८ (हो, वाढलं, मी शांत राहिले), कालचा ७७.४.

मधे दोन दिवस चार्जर सापडत नव्हता. बँडशिवाय चालायला गेले, तर पहिल्या दिवशी ही पावलं फुकट चालली असं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी मात्र कुठून कुठे गेले तेही लक्षात नाही, परत आले तेव्हा सव्वा तास झाला होता. किती पावलं ते माहीत नाही.

चार्जर नवऱ्याच्या बॅगेत निघाला. त्याने गुपचूप स्वतःसाठी बँड घेतलाय. परवा रात्री साडेअकराला बाल्कनीत कोणीतरी चालत होतं, मी पांघरुणातूनच विचारलं, "काही हरवलंय का?"