पोषणाच्या संशोधकाने प्रयोगशाळेत राहावे की रेशन दुकानापर्यंत जावे?

वैदेही (धरमपेठ), चर्चाप्रस्ताव
नागपुरात गृहविज्ञान किंवा अन्नशास्त्र शिकून पीएचडीकडे वळणाऱ्यांना बहुधा एखाद्या धान्यातील लोह किंवा प्रथिने मोजण्याचा विषय मिळतो. प्रबंध पूर्ण होतो, शोधनिबंध छापले जातात. पण ते धान्य कोणाच्या ताटात पोचते, हे तपासायचे राहून जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील २५.६ टक्के बालके उंचीच्या मानाने कृश आढळली, तर देशाचे प्रमाण १९.३ टक्के होते. तुलनेने सधन राज्याची ही अवस्था का, याचे उत्तर धान्याच्या रासायनिक पृथक्करणातून मिळणार नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला, डाळीचा दिला नाही. म्हणून या विषयात आयुष्य घालवू पाहणाऱ्याने रेशन दुकान, अंगणवाडी आणि आठवडी बाजार हेच आपले मुख्य कार्यक्षेत्र मानावे, असे माझे ठाम मत आहे.

सुधाकर (रामदासपेठ)
वैदेहीताई, तळमळ पटते, निष्कर्ष पटत नाही. आपल्या पूर्व विदर्भातील लाखोळी या कडधान्याचे उदाहरण घ्या. धान कापण्याआधीच उभ्या पिकात, जमिनीतल्या उरलेल्या ओलाव्यावर ती फेकून पेरतात. खर्च जवळजवळ नाही आणि गरिबाला डाळ मिळते. तिच्यातील ओडॅप या द्रव्याने पाय कायमचे लुळे पडू शकतात, हे आठवडी बाजारात चौकशी करून कळले नसते. हे द्रव्य कमी असलेले ‘रतन’सारखे वाण निवडतानाही प्रत्येक वेळी ते मोजावेच लागले. भावांचा आणि वाटपाचा अभ्यास अर्थशास्त्राचे लोक करतील. ओडॅप मोजणारा माणूस आपण कुठून आणणार?

वैदेही
सुधाकरजी, लाखोळीचा दाखला मला माझ्याच बाजूचा वाटतो. ती खाणाऱ्या प्रत्येकाचे पाय गेले नाहीत. महिनोन् महिने तेच मुख्य अन्न असलेल्यांचे गेले. मध्य प्रदेशातील रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून हेच धान्य दिले जाई. विष दाण्यात होते हे खरे, पण ते घातक मात्रेने शरीरात जात होते मजुरीच्या त्या पद्धतीमुळे. शिवाय ओडॅप पाण्यात विरघळते आणि डाळ भिजवून, उकळून ते पाणी टाकून दिले की बरेच कमी होते. कोण किती खातो आणि कसे शिजवतो, हे पाहिल्याशिवाय यावर धोरण ठरूच कसे शकते? १९६१ च्या सुमारास लाखोळीवर आलेली विक्रीबंदी महाराष्ट्रात उठायला २००८ साल उजाडले, आणि त्या सगळ्या काळात ती पेरणारा शेतकरी व खाणारा मजूर यांचे काय झाले असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

मृणाल (प्रतापनगर)
आपण दोघेही संशोधकाच्या पोटापाण्याचा प्रश्न बाजूला ठेवता. कालच्या चोवीस तासांत काय खाल्ले, हे घरोघरी विचारायचे, हंगाम बदलला की त्याच घरी पुन्हा जायचे (कारण पावसाळ्यातले ताट आणि सुगीतले ताट एक नसते), त्याआधी नैतिकता समितीची मंजुरी घ्यायची. यात शिष्यवृत्तीची मुदत सरते. सहायक प्राध्यापकपदाच्या निवडीत मात्र छापलेले निबंध मोजले जातात. वैदेहीताईंचा सल्ला उदात्त आहे, पण त्याची किंमत विद्यार्थ्याने एकट्याने मोजावी, हे मला अन्यायाचे वाटते.

डॉ. अनिरुद्ध (सामाजिक आरोग्य)
मृणाल, अडचण खरी आहे. तरीही गावातील काम शास्त्र म्हणून कमी मोजले जाते असे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरीच काळजी घेतली, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

सुधाकर
डॉक्टरसाहेब, त्या अभ्यासात तुलनेसाठी वेगळी गावे होती आणि प्रत्येक जन्म-मृत्यूची काटेकोर नोंद होती, म्हणूनच तो टिकला. माझा आग्रह त्या शिस्तीसाठी आहे. गेल्या काही वर्षांत रेशनवर लोह मिसळलेला तांदूळ आला, आणि विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते त्यांच्या शरीरात लोह आधीच साठते. त्या तांदळात प्रत्यक्ष किती लोह आहे आणि शिजल्यावर किती उरते, हे मोजता न येणारा संशोधक रेशन दुकानासमोर कितीही दिवस उभा राहिला, तरी त्या रुग्णाला काय सांगणार?