मेनफ्रेमची क्षमता कमी पडते आहे की बॅच अडकते आहे, हे कसे ओळखावे?

राजारामपुरीकर:
नमस्कार. मी कोल्हापुरातून एका युरोपीय विमा कंपनीच्या मेनफ्रेमची (मोठ्या मध्यवर्ती संगणकाची) देखरेख पाहतो. तिथे सकाळी ८ वाजता कार्यालये उघडतात, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचे साडेबारा झालेले असतात. महिनाअखेरीस रात्रीची बॅच (एकामागून एक आपोआप चालणारे जॉब) लांबत त्या वेळेपर्यंत येते आणि सीआयसीएसचे (ऑनलाइन व्यवहार हाताळणाऱ्या प्रणालीचे) व्यवहार मंदावतात. आरएमएफ या कामगिरी मोजणाऱ्या साधनाच्या अहवालात दिवसभराचा सरासरी सीपीयू वापर मात्र ६५ टक्क्यांच्या आसपास दिसतो. आमचे वरिष्ठ त्यावरून क्षमता पुरेशी असल्याचे सांगतात, तर ग्राहकाकडील मंडळी नवीन प्रोसेसरची मागणी करीत आहेत. निर्णय कोणत्या नोंदींवर घ्यावा?

पंचगंगाकाठ:
दिवसाची सरासरी प्रथम बाजूला ठेवावी. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका जाहीर होतो, तो त्या क्षणाच्या पातळीवरून. महिन्याच्या सरासरीवरून नव्हे. आपण एसएमएफच्या (यंत्र स्वतः ठेवत असलेल्या नोंदवहीच्या) ७० (सीपीयू वापर) आणि ७२ (कामांच्या गटांची कामगिरी) क्रमांकाच्या नोंदी १५ मिनिटांच्या टप्प्यांनी काढाव्यात आणि महिनाअखेरीचे दिवस इतर दिवसांपासून वेगळे ठेवावेत.

वापर १०० टक्के दिसला तरी घाबरण्याचे कारण नाही. कमी महत्त्वाची बॅच उरलेला सीपीयू वापरत असेल आणि ऑनलाइन कामाचे उद्दिष्ट पूर्ण होत असेल, तर यंत्र पुरेपूर कामी येत आहे एवढाच त्याचा अर्थ. खरी कसोटी डब्ल्यूएलएमच्या (कामांना प्राधान्य वाटून देणाऱ्या प्रणालीच्या) परफॉर्मन्स इंडेक्सची आहे: तो १ पेक्षा जास्त असेल, तर त्या सर्व्हिस क्लासचे (कामांच्या गटाचे) उद्दिष्ट हुकले. शिवाय एलपारला (यंत्राच्या स्वतंत्र विभागाला) डिफाइन्ड कपॅसिटी, म्हणजे सीपीयू वापराची ठरवून दिलेली मर्यादा, लावलेली आहे का, हेही पाहावे. चार तासांची चल सरासरी त्या मर्यादेपलीकडे गेली, की यंत्रात मोकळी क्षमता असूनही एलपारवर बंधन येते, आणि रात्रभर चाललेल्या बॅचचा भार सकाळच्या ऑनलाइन कामाला भोवतो.

शाहूपुरी:
वरील सर्व योग्य आहे, परंतु मी सुरुवात बॅचपासून केली असती. संपूर्ण बॅच न पाहता जिच्यामुळे शेवटची वेळ ठरते ती जॉबची साखळी शोधावी आणि तिच्यातील प्रत्येक जॉबसाठी एसएमएफच्या ३० क्रमांकाच्या नोंदीतून एकूण लागलेला वेळ व सीपीयू वेळ शेजारी शेजारी मांडावा. तीन तास चालणारा जॉब त्यातील वीसच मिनिटे सीपीयू वापरत असेल, तर वेगवान प्रोसेसर उरलेल्या वेळेचे काहीही करू शकणार नाही. तो वेळ डिस्क, टेप, डेटासेटची प्रतीक्षा किंवा डीबीटू या डेटाबेसचे लॉक (एका कामाने डेटा राखून ठेवणे) यांपैकी कशात जातो, हे तपासावे लागेल. लॉकची प्रतीक्षा डीबीटूच्या १०१ क्रमांकाच्या नोंदीत स्वतंत्र दिसते. मात्र अकाउंटिंग ट्रेसचा क्लास ३ (प्रतीक्षेचा काळ नोंदवणारा भाग) चालू असला पाहिजे.

राजारामपुरीकर:
दोघांचेही आभार. डिफाइन्ड कपॅसिटी लावलेली नाही. साखळीत हप्त्यांची आकारणी करणारा एक जॉब सर्वांत लांब आहे. त्याचा सीपीयू वेळ थोडा आहे आणि तो चालू असेपर्यंत सीआयसीएसचे काही व्यवहार उणे ९११ (लॉक न मिळाल्याने व्यवहार रद्द झाल्याचा डीबीटूचा संकेत) देऊन परततात. हा जॉब कमिट (बदल कायम करून लॉक सोडणे) फक्त अगदी शेवटी करतो.

शाहूपुरी:
मग मंदपणाचे कारण तिथेच आहे. इतका वेळ धरून ठेवलेले लॉक ऑनलाइन व्यवहारांना अडवणारच, आणि प्रोसेसर वाढवल्याने ते लवकर सुटणार नाहीत. मधे मधे कमिट करण्यापूर्वी जॉब मधूनच पुन्हा सुरू करता येईल अशी चेकपॉइंटची सोय करून घ्यावी, नाहीतर तो अर्ध्यावर पडल्यास त्याच पॉलिसींवर दुसऱ्यांदा आकारणी होईल. किती ओळींनंतर कमिट करायचे, तो आकडा प्रोग्राममध्ये न लिहिता पॅरामीटरमधून द्यावा, म्हणजे दिवसा चालवण्याची वेळ आली तर तो कमी करता येईल. जॉब स्वतः किती वेळ घेतो हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी त्याच १०१ क्रमांकाच्या नोंदीत वाचन-लेखनाच्या प्रतीक्षेचा काळ पाहावा.

पंचगंगाकाठ:
हा बदल झाल्यावर पुढच्या महिनाअखेरीचे परफॉर्मन्स इंडेक्स याच महिन्याच्या आकड्यांशेजारी ठेवून ग्राहकाला दाखवावेत. तोपर्यंत प्रोसेसरच्या खरेदीचा निर्णय थांबवण्याची विनंती आपण लेखी करावी, असे मला वाटते.