अनुभव धागा: घरच्या सगळ्यांना मोठं झू दाखवायला नेलं तेव्हा

माई_फोंडा

काल नात शाळेच्या सहलीहून आली. गोव्यातल्या बोंडल्याच्या झूला गेली होती. दारात चपला काढता काढता पहिला प्रश्न, "आजी, जिराफ कुठे असतो? बाईंनी दाखवलाच नाही." आणि मला एकदम २००९ चा मे महिना आठवला. मैसूरचं ते फाटक, आणि फाटकासमोर उभे असलेले माझे मामंजी.

घरची नऊ माणसं होतो आम्ही. मामंजी तेव्हा ७४ वर्षांचे. जन्म सत्तरी तालुक्यात गेला, फार तर फोंडा आणि पणजी. शाळेत असताना भिंतीवरच्या तक्त्यात जिराफ बघितलेला, तो एकदा खरा बघायचा ही एकच हौस त्यांनी कधीतरी बोलून दाखवली होती. मंगळवारी सकाळी पोचलो तर फाटक बंद. मैसूरचं झू मंगळवारी बंद असतं. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात बोंडला बसलेला, बोंडला गुरुवारी बंद, म्हणून गुरुवार तेवढा टाळून बेत केलेला. मामंजी काही बोलले नाहीत. टोपी काढली, झटकली, परत घातली.

दुसऱ्या दिवशी उटीला जायची गाडी सांगून ठेवली होती. आमच्या यजमानांनी ती रद्द केली. पैसे गेले, पण त्यांचा तो निर्णय मी अजून विसरले नाही. बुधवारी साडेआठला फाटक उघडलं तेव्हा आम्ही पहिले होतो. आत गेल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली. बोंडल्याचं झू आमचं तासाभरात बघून होतं, त्याच हिशेबाने निघालेलो. हे १५७ एकर! मामंजींचे गुडघे जिराफाजवळच बोलायला लागले, ते तिथेच बाकावर बसले. जिराफाने उंच टांगलेल्या टोपलीतला पाला ओढायला जीभ बाहेर काढली. हातभर लांब आणि जांभळी-काळी, पोटभर करवंदं खाल्ल्यासारखी. मामंजी हळूच म्हणाले, "तक्त्यात जीभ दाखवली नव्हती." पोरं वाघ, गेंडा, साप सगळं बघून तीन तासांनी परत आली तरी ते तिथेच होते.

आता दिवाळीच्या सुट्टीत परत मैसूरला जायचं चाललंय. आठ जण. सासूबाई ८१ च्या आणि धाकटा नातू तीनचा. तुम्ही लहानमोठ्यांना घेऊन गेलात तेव्हा कसं केलं ते लिहा. मैसूरच पाहिजे असं नाही.

वास्कोकर

माई, मामंजींचं वाचून डोळे भरून आले.

तुमच्या सासूबाईंसाठी: आत बॅटरीवर चालणारी गाडी असते, तिचं तिकीट वेगळं. आधीच काढा, पाय दुखायला लागल्यावर नको. माझ्या आईला आम्ही "चाल गं, थोडंच राहिलंय" करत नेलं आणि पुढचे दोन दिवस ती लॉजच्या खोलीत पाय शेकत बसली. मोठ्या झूमध्ये मधूनच परत फिरायचं म्हटलं तर आलात तेवढंच चालावं लागतं, हे ध्यानात ठेवा.

गाडीने जाताय की ट्रेनने?

माई_फोंडा

ट्रेनने. हुबळीला गाडी बदलायची. बुधवारी पोचतो, हे तीनदा तपासलंय.

वाळपईची_सून

माझा अनुभव तीन वर्षांच्या पोराचा. सगळं झू झोपून काढलं त्याने!! वाघासमोर खांद्यावर झोप, हत्तीसमोर झोप. जागा झाला तेव्हा एक माळी पाइपने झाडांना पाणी घालत होता. अर्धा तास तो पाइप बघितला. घरी येऊन आजोबांना सांगितलं, झूमध्ये पाइप होता. माई, धाकट्याची झोप कधी असते ते बघून निघा, बाकी काही नाही. आणि कडेवर घ्यायला दोघं तरी आळीपाळीने लागतात. आमच्याकडे मी एकटीच होते, नवरा फोटो काढत होता.

पाठवते, कुकर झाला

म्हापशेकर

आम्ही राणीच्या बागेत गेलेलो, मुंबईला. मडगावहून कोकणकन्या धरली, सकाळी सीएसएमटी. तिथून लोकलने तिसरं स्टेशन भायखळा, बाग तिथून चालत. पोरींना पेंग्विन बघायचे होते, हम्बोल्ट जातीचे, २०१६ साली कोरियातल्या सेऊलहून आणलेले. काचेमागे थंडगार. धाकटी म्हणाली, बाबा ह्यांना गोव्यात आणलं तर काय होईल? काय सांगणार.

पण मला सगळ्यात आवडली ती तिथली झाडं. दीडशे वर्षांहून जुनी बाग आहे. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा एका झाडाच्या बुंध्याला हात लावून डोळे मिटून उभे होते. पोरी पेंग्विन विसरून त्यांच्याकडेच बघत राहिल्या. राणीची बाग बुधवारी बंद असते, लक्षात ठेवा. पुण्याचं कात्रजचं झूसुद्धा बुधवारीच.

पेडण्याहून

मी पण! मंगळवार!! आम्ही बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्ट्याच्या झूला. तेही मंगळवारी बंद. चार तास बसमध्ये घालवलेले. बायकोने त्या दिवशी पोरांना घेऊन बागेत भेळ खायला घातली म्हणून निभावलं.

डिचोलीकर_नानी

माई, खाण्याचं काय करणार? आम्ही पोळी आणि बटाट्याची सुकी भाजी नेली होती. फाटकावर प्लास्टिकच्या पिशव्या काढून घेतल्या, बरोबरच केलं त्यांनी. स्टीलच्या डब्यात न्या आणि फाटकावर विचारून घ्या आत नेता येतं का, प्रत्येक ठिकाणी नियम वेगळे. आम्ही डबा बाहेर गाडीत ठेवला, बाहेर येऊन झाडाखाली खाल्लं. इतकी भूक लागली होती की नातवाने पहिल्यांदाच कारल्याच्या फोडी मागून खाल्ल्या.

वाळपईची_सून

नानी, कारलं? प्रवासात?

डिचोलीकर_नानी

दही नसेल तर कारल्याच्या काचऱ्या दोन दिवस टिकतात गं.

रानवाटा

मी बरीच वर्षं वनखात्यात होतो, आता निवृत्त. थोडं सविस्तर लिहितो, सहन करा.

एक दिवस बंद ठेवण्यामागे कारण असतं. पिंजऱ्यांची साफसफाई, डागडुजी, आणि जनावरांना माणसांच्या आवाजापासून सुटका. पुष्कळ ठिकाणी मांसाहारी जनावरांना आठवड्यातून एक दिवस उपास देतात. रानातल्या वाघाला रोज शिकार थोडीच मिळते! तेव्हा बंद फाटक पाहून वाईट वाटलं तरी आतल्याला तो दिवस हवा असतो.

दुसरं, दुपारी पोरं कुरकुरतात की सिंह झोपलाय, उठत नाही. सिंह दिवसातले वीस तासही झोपून काढतो. हे घरीच सांगा. सकाळी लवकर गेलात तर हालचाल दिसेल, खाणं दिलं जातं तेव्हाही.

आणि हात जोडून एक विनंती. काचेवर थाप मारू नका, कुंपणापलीकडे काही टाकू नका. बिस्किटाचा पुडा खाऊन तडफडणारी हरणं मी पाहिली आहेत. पोटातून प्लास्टिक काढताना डॉक्टरांचे हात थरथरत होते. ते मला अजून दिसतं. आपल्याबरोबरचं पोर काही टाकायला निघालं तर त्याचा हात धरा, परक्याचं पोर असलं तरी त्याच्या आईबापाला सांगा. रागावले तर रागावू देत.

म्हापशेकर

काका, मनापासून पटलं. आमच्या समोर एका माणसाने माकडाला वेफर्सचं रिकामं पाकीट दिलं होतं. मी काही बोललो नाही, ते अजून खटकतं.

मडगावची_आई

मी कधी लिहीत नाही इथे, फक्त वाचते. पण लिहिते.

माझा मुलगा ११ वर्षांचा, ऑटिझम आहे. गर्दी, शिट्ट्या, एकदम ओरडणारी पोरं, हे त्याला सहन होत नाही, कानावर हात ठेवून खाली बसतो. दोन वर्षं झूचा विषय टाळला. मग ह्यांनी एक दिवस मैसूरच्या झूचा नकाशा मिळवला आणि आम्ही तिघं जेवणाच्या टेबलावर तो पसरून बसलो. मुलाला सांगितलं, तीन जनावरं निवड. त्याने पाणघोडा, गोरिला आणि शहामृग निवडले. फक्त तीन. बाकी दिसलं तर दिसलं. शाळेची सुट्टी नसलेला आठवड्यातला दिवस घेतला, दसरा टाळला.

पाणघोड्यापाशी पोचलो तर पाण्यावर काहीच नाही. मुलगा कठड्याला हनुवटी टेकून मोजायला लागला. १४२ म्हणाला आणि दोन नाकपुड्या वर आल्या, फुस्स करून हवा सोडली, कान फडफडवले, पाण्याचे थेंब उडाले, परत खाली. मुलगा परत एकपासून. आम्ही तिथे दीड तास होतो. त्याने सगळे आकडे वहीत लिहून घेतले. एकदाही कानावर हात नाही ठेवला. गोरिला आणि शहामृग राहिले, पुढच्या वेळी.

लोक विचारतात, एवढ्या लांब जाऊन एकच जनावर? होय. एकच.

माई_फोंडा

मडगावची_आई, तुमचा हात हातात घ्यावासा वाटतोय. ती वही जपून ठेवा हो.

वास्कोकर

१४२! मी वाचता वाचता श्वास धरून ठेवला.

गोरिलाचं आठवलं. मैसूरला पूर्वी पोलो नावाचा गोरिला होता, एकटा. २०१४ साली गेला. मग २०२१ ला जर्मनीहून दोन भाऊ आणले, थाबो आणि देम्बा. भाऊ आहेत म्हणून बरं, एकमेकांना आहेत. पोलोसमोर मी बायकोबरोबर लग्नानंतर पहिल्यांदा उभा होतो, म्हणून त्याचं वाचलं तेव्हा वाईट वाटलं.

पेडण्याहून

कोणी चोर्ला घाटाने गाडी नेलीय का हल्लीच? रस्ता कसा आहे?

म्हापशेकर

गेल्या महिन्यात बेळगावला गेलो होतो. धुकं होतं, सावकाश जा. बेळगावजवळ भुतरामनहट्टीला छोटं झू आहे, पोरांसाठी तेही बरं.

उसगावचा

बोंडल्याबद्दल मी बोलणार. सगळे मैसूर, मुंबई. बोंडला आमच्या दाराशी आहे, आठ चौरस किलोमीटरचं लहानसं अभयारण्य, पण तिथली सावली बघा! माझा बाप तिथे पहिल्यांदा गवा बघून आला तेव्हा त्याने घरी खुर्चीवर उभं राहून उंची दाखवली होती. गवा आपला राज्यप्राणी, जिराफ नाही. मोठं झू बघायला जा, जरूर जा, पण पोराला आधी गवा नीट बघू दे.

माईंना एक सांगतो. दिवाळीच्या आधी एका सकाळी सासूबाईंना बोंडल्याला घेऊन या. किती चालतात, कुठे बसावंसं वाटतं, पाणी किती लागतं, धाकटा कुठे रडतो, सगळं कळेल. गुरुवार सोडून कधीही. माझ्याकडे चहाला या.

माई_फोंडा

उसगावचा, हे फार मोलाचं सांगितलंत. येत्या रविवारी येतो. आणि गव्याचं मनाला लागलं, नातीला मी स्वतः दाखवणार.

मडगावची_आई यांचं वाचून आज संध्याकाळी आम्ही पण सगळे नकाशा घेऊन बसलो. प्रत्येकाने एक निवडायचं. नातीचा अर्थात जिराफ. लेकाचे गोरिला. सूनबाई म्हणाली मोर. धाकटा म्हणाला कुत्रा. सासूबाई गप्पच. मला वाटलं त्यांना झेपणार नाही म्हणून. मी म्हटलं, आई, तुम्ही? तर म्हणाल्या, "मागच्या वेळी मी पोरांच्या पिशव्या सांभाळत बसले होते. वाघ बघायचा राहिला. मला वाघ बघायचाय, आणि कोणी घाई करायची नाही."

सोळा वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. बॅटरीच्या गाडीत वाघापर्यंत, तिथे खाली उतरायचं, पिशव्या लेकाकडे. ठरलं.

रानवाटा

माई, सकाळी लवकर न्या त्यांना, थंड वेळी वाघ फेऱ्या घालतो. आणि त्यांच्यासाठी घडीचं स्टूल बरोबर ठेवा, बाकडं नेमकं जिथे हवं तिथे नसतं.

वाळपईची_सून

आजींना माझा नमस्कार सांगा 🙏 आणि धाकट्याला कुत्रा दाखवा, मैसूरच्या रस्त्यावर भरपूर आहेत.

वास्कोकर

माझ्या लेकीच्या वाढदिवसाला आम्ही मैसूरच्या झूमधला एक पक्षी दत्तक घेतला होता, वर्षभर खाण्याचा खर्च द्यायचा. मोठी जनावरं महाग, पक्षी परवडतो. पोरांना केकपेक्षा ते जास्त आवडतं, असा माझा तरी अनुभव. नातीसाठी विचार करा.

डिचोलीकर_नानी

माई, ट्रेनमध्ये तिखट पुऱ्या न्या. गव्हाच्या पिठात मूठभर बेसन, ओवा, तीळ, तिखट, हळद, कडकडीत मोहन. ओली कोथिंबीर नको, ती घातली की दुसऱ्या दिवशी वास येतो. वाळवलेली मेथी चुरून घाला. मंद आचेवर तळा, बुडबुडे थांबेपर्यंत.

माई_फोंडा

नानी, आठ जणांना किती पीठ घेऊ? जाताना आणि बुधवारचा दिवस.

डिचोलीकर_नानी

दोन किलो. तुमचा लेक खातो कसा त्यावर अडीच.