समुद्रातून तारा उगवला, मधेच विझला. काय असेल?

वेळणेश्वरची आजी:
आमचं घर समुद्राच्या तोंडावर. चाळीस वर्षांत समुद्रातून काही उगवताना पाहिलं नाही. सूर्य, चंद्र, शुक्राची चांदणी, सगळी तिथे बुडतात. परवा तिन्हीसांजेला दिवा लावून खळ्यातली सुपारी गोळा करत होते. नात ओरडली, "आजी, समुद्रातनं तारा आला!" पांढरा, ठळक, लुकलुक नाही की आवाज नाही. माडांवरून डोक्यावर आला आणि पूर्वेच्या डोंगरावर जाऊन विझला. ढग नव्हता. दीड तास बसलो, परत आला नाही.

दापोलीचा तारेवाला:
आजी, ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. सुमारे ४०० किमी उंचीवर आहे. त्याला स्वतःचा उजेड नाही. आपल्याकडे अंधारलं तरी तिथे ऊन असतं. विझलं म्हणजे पृथ्वीच्या सावलीत शिरलं. फेरी दीड तासाचीच, पण तेवढ्यात पृथ्वी २३ अंश वळते, त्यामुळे पुढची फेरी आपल्या पश्चिमेला लांब, तीही अंधारातून. पुढच्या वेळी विझतानाचा रंग बघा.

मास्तर, मालवण:
नातीचं "समुद्रातनं आला" हे फार मोलाचं निरीक्षण आहे. आपला चंद्रसुद्धा पश्चिमेकडून पूर्वेकडेच फिरतो, पण एका फेरीला २७ दिवस लावतो. पृथ्वी त्याच्यापुढे निघून जाते, म्हणून तो पूर्वेला उगवतो. स्थानक उलट पृथ्वीलाच मागे टाकतं.
मंगळावर खरा चंद्रच असा उगवतो! फोबोस, आसफ हॉल यांनी १८७७ साली शोधलेला. जेमतेम २२ किमीचा, कणगरासारखा ओबडधोबड. मंगळाचा दिवस साडेचोवीस तासांचा, याची फेरी ७ तास ३९ मिनिटांत. दुसरा चंद्र डिमोस ३० तास घेतो, म्हणून तो मात्र पूर्वेला उगवतो.

वेळणेश्वरची आजी:
नात विचारते, एवढ्या जवळ आहे तर पडणार नाही का?

मास्तर, मालवण:
फोबोस शंभर वर्षांत मंगळाच्या सुमारे १.८ मीटर जवळ येतो. साधारण पाच कोटी वर्षांत मंगळाच्या ओढीने फुटेल, असा अंदाज आहे. स्थानकही विरळ हवेच्या घर्षणाने खाली येत असतं. त्याला अधूनमधून इंजिनाने वर ढकलतात.

वेळणेश्वरची आजी:
आज पुन्हा दिसलं. नातीने शेवटपर्यंत बोट रोखून धरलं होतं. विझायच्या आधी क्षणभर जांभ्यासारखं तांबडं झालं.