रोज दहा अध्याय: दहा याद्यांचा वाचनक्रम झेपेल का?

पहाटवाचक
सर्वांना सलाम. अमेरिकेतले प्राध्यापक ग्रँट हॉर्नर यांच्या पद्धतीने बायबलच्या पुस्तकांच्या दहा वेगवेगळ्या याद्यांतून रोज एकेक अध्याय वाचायला सुरुवात करायची आहे. सकाळची ४० मिनिटं मोकळी आहेत आणि बायबल सोसायटीचं छापील मराठी पवित्र शास्त्र हाताशी आहे. ४० मिनिटांत दहा अध्याय होतात का? खंड पडला तर काय करायचं? आणि लेवीय या अर्पणं-नियमांच्या तिसऱ्या पुस्तकाशी नेहमी गाडं अडतं म्हणतात, त्याचं काय?

वहीपेन
आधी वेळेचं बघू. अख्खं शास्त्र मोठ्याने वाचायला साधारण ७५ तास लागतात, अध्याय ११८९. म्हणजे अध्यायाला पावणेचार मिनिटं, दहांना ३८. मनात वाचलं तर आणखी कमी. पण सरासरी फसवी असते. स्तोत्र ११७ दोन ओव्यांचं (वचनांचं), ११९ तब्बल १७६ ओव्यांचं. गणना ७ मध्ये ८९ ओव्या आहेत, त्यात बारा सरदार एकच अर्पण बारा वेळा आणतात. अशा दिवशी तास हाताशी ठेवा.

याद्या अशा, कंसात अध्याय: शुभवर्तमानं (८९), उत्पत्ती ते अनुवाद (१८७), रोमकरांस ते कलस्सैकरांस, शिवाय इब्री (७८), थेस्सलनीकाकरांस ते प्रकटीकरण, इब्री सोडून (६५), ईयोब, उपदेशक, गीतरत्न (६२), स्तोत्रं (१५०), नीतिसूत्रे (३१), यहोशवा ते एस्तेर (२४९), संदेष्टे (२५०), प्रेषितांची कृत्ये (२८). यादी संपली की तीच पहिल्यापासून. लांबी सारखी नसल्यामुळे रोजची जोडणी बदलत जाते, गंमत त्यातच आहे. शंभराव्या दिवशी मत्तय ११, लेवीय १०, १ करिंथ ६, २ पेत्र ३, ईयोब ३८, स्तोत्र १००, नीतिसूत्रे ७, २ शमुवेल २०, यिर्मया ३४ आणि प्रेषित १६ एकत्र येतात.

खुणेसाठी जाड कागदाच्या दहा पट्ट्या कापा, प्रत्येकीवर यादीचं नाव आणि पुस्तकांचा क्रम लिहा. अध्याय वाचून झाला की पट्टी लगेच पुढे सरकवा. सगळं संपल्यावर सरकवू म्हटलं की दोन-तीन राहतात आणि दुसऱ्या दिवशी तोच अध्याय पुन्हा वाचला जातो.

खंड पडला तर काहीही भरून काढायचं नाही. या क्रमाला तारखा नाहीत, त्यामुळे थकबाकीही नाही. आठवडा चुकला तर ७० अध्याय, म्हणजे साडेचार तास होतात. ते फेडायला बसणाराच वाचन सोडतो. पट्टी जिथे आहे तिथून पुढे चला.

मागचा_बाक
लेवीयाबद्दल. वर्षभराच्या सरळ क्रमात उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय रोज सव्वातीनच्या हिशेबाने संपतात, म्हणून २८ जानेवारीच्या आसपास लेवीय उघडतं आणि पुढचे आठ-नऊ दिवस दुसरं काहीच नसतं. निर्गम २५ ते ३१ मधली निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापं ३५ ते ४० मध्ये पुन्हा वाचून माणूस आधीच थकलेला असतो. दहा याद्यांत लेवीय ९१व्या दिवशी येतं आणि रोज एकच अध्याय, बाजूला नऊ वेगळे. म्हणून सोसतं.

तरी १ ते ७ अध्यायांसाठी एक तक्ता करा: होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण. प्रत्येकासमोर तीन रकाने: काय जळतं, याजकाला काय, आणणाऱ्याला काय. होमार्पण सगळं जळतं, फक्त कातडं याजकाचं. शांत्यर्पणाची चरबी जळते, ऊर आणि उजवी मांडी याजकाची, बाकीचं आणणारा खातो. अन्नार्पणाचं मूठभर जळतं, त्यात खमीर आणि मध चालत नाही. तक्ता भरला की कंटाळा बराचसा जातो, कारण कंटाळा गोंधळातून येतो.

यिर्मयाचंही तसंच. ३२ ते ३४ सिद्कीया राजाच्या काळातले, ३५-३६ मागे यहोयाकीम राजाच्या काळात, ३७ पुन्हा सिद्कीया. समासात राजाचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवा, नाहीतर अध्याय उलटसुलट छापलेत असं वाटेल.

सावकाश
मला ही पद्धत पहिल्याच वाचनाला नको वाटते. रोज दहा तुकडे वाचून रोमकरांस पत्रातला युक्तिवाद हाती लागत नाही. तो सलग वाचायचा, एक तास पुरतो. ज्यांचं शास्त्र आधी एकदा पूर्ण झालंय त्यांनीच हे करावं.

इतरांना जुना हिशेब बरा: आठवड्याचे सहा दिवस तीन अध्याय, रविवारी पाच. आठवड्याला २३, बावन्न आठवड्यांत ११९६, म्हणजे सात हातात शिल्लक. मधला मार्ग स्कॉटलंडमधले पाळक रॉबर्ट मॅकचेन यांचा. डंडीतल्या आपल्या मंडळीसाठी त्यांनी १८४२ मध्ये केलेला तक्ता, रोज चार अध्याय. १ जानेवारीला उत्पत्ती, मत्तय, एज्रा, प्रेषितांची कृत्ये यांचे पहिले अध्याय. जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. तक्त्याबरोबर धोकेही त्यांनी स्वतःच लिहिले: नुसती औपचारिकता म्हणून वाचणं, वाचल्याचा गर्व, निष्काळजी वाचन आणि न पेलणारं जू. हे मात्र तारखेला बांधलेलं आहे, त्यामुळे थकबाकीचा वरचा सगळा त्रास इथे लागू.

पहाटवाचक
म्हणजे आधी ३+५ चा क्रम, आणि पट्ट्या पुढच्या वर्षी. वसईतल्या एका मैत्रिणीसाठी विचारते: तिच्याकडे कॅथलिक आवृत्ती आहे, ७३ पुस्तकांची.

वहीपेन
ताई, दहा याद्यांत तिने तोबित, युदिथ आणि मक्काबीची दोन पुस्तकं इतिहासाच्या यादीत घालावीत, बारूख संदेष्ट्यांत, प्रज्ञाग्रंथ आणि सिराख ईयोबाबरोबर. ईयोबाच्या यादीत १९ आणि ५१ अध्याय वाढतील, ६२ ची यादी १३२ होईल. रोजचे अध्याय दहाच राहतात, फक्त त्या याद्यांची फेरी लांबते. ३+५ चा हिशेब मात्र ६६ पुस्तकांचा आहे, तिला वर्षात पुरणार नाही.